सहावी ते आठवी : एका पात्र शिक्षकामागे किती पोरं? देशादेशांची तुलना करायची असेल तर

परवा माझ्या भाचीचा जळगावहून व्हॉइस मेसेज आला. बी.एड. करतेय, असाइनमेंट मिळालीये की भारत आणि अजून पाच देश घ्या आणि सहावी ते आठवीचं विद्यार्थी-शिक्षक प्रमाण ताडून बघा. बाईसाहेबांनी रात्रीतून टेबल बनवूनही टाकलं होतं, भारत १७, मग जपान, फिनलंड, नेपाळ, बांगलादेश, केनिया, आणि खाली एक वाक्य, "भारताची स्थिती समाधानकारक आहे." मी म्हटलं थांब जरा. हा भारताचा १७ कुठून आणला? तर यूडायसवरून, म्हणजे सरकारच्या शाळांच्या माहितीच्या साइटवरून. आणि जपानचा? वेगळ्याच साइटवरून. नेपाळचा गुगलने वरच दाखवला तो.

आता आमच्याकडे रावेर-यावलच्या पट्ट्यात कोणाला केळीचा भाव विचारला तर तो आधी विचारेल, दांड्यासकट घड की फण्या? तसंच आहे हे. एकाने दांड्यासकट तोललं, दुसऱ्याने फण्या करून तोललं, आणि आपण दोन्ही वजनं शेजारी लिहून सांगतोय की याची बाग चांगली. मी स्वतः पदवीधर शिक्षक आहे शहाद्याकडे, दरवर्षी संचमान्यतेच्या वेळी, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरतं तेव्हा, हाच घोळ बघतो, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकतो, तिलाही होईल आणि अजून कोणाला लागलं तर त्यालाही.

आधी आपल्याला नक्की काय पाहिजे ते ठरवा. नुसतं विद्यार्थी-शिक्षक प्रमाण म्हणजे पट भागिले सगळे शिक्षक. आपल्याला पाहिजे पट भागिले पात्र शिक्षक. वरचा आकडा तोच, खालचा बदलतो, आणि खालचा लहान झाला की उत्तर मोठं येतं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांत चौथं ध्येय शिक्षणाचं, त्यात शिक्षकांबद्दलचं कलम आहे ४.सी, आणि त्याच्या पोटात हे दोन वेगवेगळे निर्देशांक ठेवलेत, एक 'प्रशिक्षित' शिक्षकामागे किती विद्यार्थी आणि दुसरा 'पात्र' शिक्षकामागे किती. निम्मी गडबड इथेच होते, लोक दोन्ही एकच समजतात.

प्रशिक्षित म्हणजे शिकवायचं कसं याचं जे किमान ट्रेनिंग त्या देशात ठरवलंय ते झालेलं, आपल्या भाषेत डी.एड., बी.एड. पात्र म्हणजे त्या स्तरावर शिकवायला जी किमान शैक्षणिक पदवी लागते ती असलेला. आमच्या शाळेवरून सांगतो म्हणजे पटकन कळेल. सहावी ते आठवी मिळून पट ९४. शिकवणारे आम्ही ४. गणित-विज्ञानाचे सर बी.एस्सी. बी.एड., मी भाषेला बी.ए. बी.एड., समाजशास्त्राला एक ज्येष्ठ गुरुजी, बारावी डी.एड., जुन्या काळात लागलेले, आणि चौथी पोस्ट रिकामी म्हणून तिथे तासिका तत्त्वावर एक पोरगी येते, एम.एस्सी. झालेली पण बी.एड. नाही. आता करा हिशोब. सगळे धरले तर ९४ भागिले ४, साडेतेवीस. प्रशिक्षित धरले तर ३, कारण ती पोरगी गळाली, ९४ भागिले ३, म्हणजे ३१.३. पात्र धरले तरी ३च, पण यावेळी गळाले गुरुजी, कारण सहावी ते आठवीला पदवी लागते आणि त्यांच्याकडे ती नाही, परत ३१.३. आणि दोन्ही गोष्टी असलेले धरले तर फक्त दोघं, ९४ भागिले २, सत्तेचाळीस! शाळा एकच, दिवस एकच, आणि तीन वेगळी उत्तरं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, परिशिष्टात सहावी ते आठवीला दर ३५ मुलांमागे किमान १ शिक्षक सांगितलाय, म्हणजे आम्ही एका आकड्याने पास आणि दुसऱ्याने सरळ नापास.

यातून अजून एक शिकण्यासारखं आहे. आमच्या शाळेत प्रशिक्षित ७५ टक्के, पात्रही ७५ टक्के. काही जण काय करतात, दोन्ही टक्के गुणून घेतात, ७५ चे ७५ टक्के म्हणजे ५६.२५, आणि त्यावरून प्रमाण काढतात ४१.८. साफ चूक. खरं उत्तर ४७ आहे, कारण दोन्ही असलेले ५० टक्केच आहेत. नुसते दोन टक्के हातात असतील तर दोन्ही अटी पूर्ण करणारे ५० ते ७५ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असणार एवढंच सांगता येतं. म्हणून एक काहीतरी निवडा, पात्र तर पात्र, आणि शेवटपर्यंत तेच धरून चला.

आता स्तर. 'लोअर सेकंडरी' म्हणजे कोणती इयत्ता? याला युनेस्कोचं एक वर्गीकरण आहे, आयस्केड म्हणतात, सध्या २०११ ची आवृत्ती वापरतात. त्यात लेव्हल १ प्राथमिक, लेव्हल २ म्हणजे आपलं लोअर सेकंडरी, लेव्हल ३ वरचं माध्यमिक. भारतात लेव्हल २ म्हणजे सहावी ते आठवी. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानातही सहावी ते आठवीच, त्यामुळे शेजाऱ्यांशी तुलना सोपी. जपानमध्ये ६-३-३ चालतं, म्हणून तिथे सातवी ते नववी. फिनलंडमध्येही सातवी ते नववी, जरी तिथली शाळा पहिली ते नववी एकच सलग असते. जर्मनीत बहुतेक राज्यांत प्राथमिक चौथीलाच संपतं, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत, म्हणजे तिथलं लोअर सेकंडरी पाचवीपासून सुरू होऊन नववी-दहावीपर्यंत जातं. म्हणून इयत्ता बघून तुलना करू नका, लेव्हल बघून करा, आणि टेबलात देशाच्या नावापुढे इयत्ता लिहून ठेवा म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की १० वर्षांची पोरं पण यात आहेत का १५ ची.

आणि इथे आपल्या लोकांचा पाय हमखास घसरतो. खान्देशात कितीतरी गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत आणि मग संस्थेचं हायस्कूल पाचवी ते दहावी. हायस्कूल म्हटलं की माध्यमिक, असं आपल्या डोक्यात बसलंय. पण आंतरराष्ट्रीय हिशोबात त्याच हायस्कूलची पाचवी लेव्हल १, सहावी ते आठवी लेव्हल २, आणि नववी-दहावी लेव्हल ३. एकाच व्हरांड्यात तीन लेव्हल. आणि गणिताचे सर सकाळी सातवीला, जेवणाच्या सुट्टीनंतर दहावीला. ते एक सर कुठल्या लेव्हलमध्ये मोजायचे? दोन्हीकडे मोजले तर शिक्षक वाढले, एकीकडे मोजले तर दुसरीकडे कमी पडले. बांगलादेशातही हायस्कूल सहावी ते दहावी सलग असतं, तिथेही हाच प्रश्न. म्हणून ज्या देशात वरच्या आणि खालच्या वर्गांना तेच शिक्षक जातात तिथला लेव्हल २ चा आकडा जपूनच वापरायचा, आणि शक्य असेल तर पूर्ण माध्यमिकचा आकडाही काढून शेजारी ठेवायचा.

आता 'पात्र' कोण, हे कोण ठरवतं? ज्याचा त्याचा देश! सगळ्या तुलनेचं दुखणं इथे आहे. फिनलंडमध्ये पात्र शिक्षक म्हणजे मास्टर्स डिग्रीवाला. आपल्याकडे सहावी ते आठवीला पदवी, सोबत डी.एल.एड. (जुनं डी.एड.) किंवा बी.एड., आणि एनसीटीई या शिक्षक-शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१० च्या अधिसूचनेपासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. काही देशांत अट याहून बरीच सैल असते. म्हणजे एखाद्या देशाने अट खाली आणली की त्याचे पात्र शिक्षक वाढले आणि प्रमाण सुधारलं, वर्गात काही बदललं नाही तरी. आणि ज्याने अट कडक केली त्याचा आकडा बिघडलेला दिसतो. एखाद्याच्या घराचा उंबरा उंच आणि एखाद्याचा जमिनीलगत, आणि आपण मोजतोय की कोणाच्या घरात जास्त माणसं शिरली.

आपल्याकडेच बघा ना. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. आमच्या स्टाफरूममध्ये त्या दिवशी चहा तसाच थंड झाला. वीस-पंचवीस वर्षं शिकवणारी माणसं, काल पात्र, आज पुढे प्रश्नचिन्ह. आमच्या ज्येष्ठ गुरुजींचंच घ्या, ते जुन्या नियमाने लागले, त्या वेळी ते पात्रच होते, मी वर हिशोबात त्यांना गाळलं ते आजच्या नियमाने, सरकारी फॉर्म भरणारा कदाचित धरेल. म्हणून एखाद्या देशाचा आकडा एका वर्षात एकदम उडी मारताना दिसला की आधी बघायचं, त्या वर्षी नियम बदलला का. जपानने २००९ मध्ये दर दहा वर्षांनी शिक्षकांचं लायसन नूतनीकरण करायची पद्धत आणली आणि २०२२ मध्ये काढून टाकली, असे बदल कुठेही होतात.

या उंबऱ्याच्या भानगडीवर युनेस्कोने २०२१ मध्ये शिक्षक-प्रशिक्षणाचं एक वेगळं वर्गीकरण मंजूर केलं, आयस्केड-टी. त्यात ट्रेनिंगला येण्याआधी किती शिक्षण लागतं, ट्रेनिंग किती वर्षांचं, शाळेत प्रत्यक्ष सराव किती, हे बघून प्रशिक्षणाचे प्रकार पाडतात. तुमच्या निवडलेल्या देशांत सहावी-आठवीच्या शिक्षकाला काय लागतं ते त्या पद्धतीने एका ओळीत लिहा, 'पदवी + २ वर्षं', 'मास्टर्स', असं. हा कॉलम टेबलात नसेल तर बाकी टेबलाला अर्थ नाही असं माझं सरळ मत आहे.

आकडे कुठून घ्यायचे? सगळ्या देशांसाठी एकच ठिकाण, युनेस्कोची सांख्यिकी संस्था, कॅनडात माँट्रियलला आहे, त्यांचा डेटा ब्राउझर फुकट आहे. तिथे शिक्षण निवडा, मग ४.सी, मग लोअर सेकंडरी, मग पात्र शिक्षकामागे विद्यार्थी. देश टिक करा, वर्षं निवडा, फाइल उतरवून एक्सेलमध्ये उघडा. वर्ल्ड बँकेच्या साइटवर पण आकडे आहेत आणि तिथे ग्राफ छान निघतात, पण तिथे लोअर सेकंडरीला साधं प्रमाण आणि प्रशिक्षितांची टक्केवारी मिळते, आणि लोक तीच टक्केवारी पात्रांची म्हणून ठोकून देतात. भाचीने केनियाच्या रांगेत हेच केलं होतं. ओईसीडी, म्हणजे बहुतेक श्रीमंत देशांची संघटना, दरवर्षी अहवाल काढते, त्यातले आकडे चांगले आहेत, पण ते शिक्षक डोकी मोजून धरत नाहीत, पूर्णवेळाच्या हिशोबात धरतात, म्हणजे अर्धवेळचे दोन मिळून एक. युनेस्कोच्या या प्रमाणात मात्र डोकी मोजतात. जर्मनीत दहातले चार शिक्षक अर्धवेळ काम करतात, मग तिथे दोन्ही पद्धतींनी उत्तर किती वेगळं येईल बघा. एक रांग युनेस्कोची, एक ओईसीडीची असं कधी करू नका, परत तेच दांडा आणि फण्या.

आणि भारताचा तो १७. यूडायस प्लसच्या २०२४-२५ च्या अहवालात मिडल म्हणजे सहावी ते आठवीचं प्रमाण १७ आहे, बरोबर आहे, पण ते सगळ्या शिक्षकांचं आहे, पात्र शिक्षकांचं नाही. त्याच अहवालात देशात एकशिक्षकी शाळा १,०४,१२५ दिल्यात. १७ वाचून कोणाला वाटेल प्रत्येक वर्गात १७ पोरं बसलीत. आमच्या नंदुरबारच्या डोंगरात धडगाव, मोलगीकडे जाऊन बघा म्हणावं. हे प्रमाण वर्गात किती पोरं बसतात ते सांगतच नाही. जपानमध्ये लोअर सेकंडरीच्या वर्गात साधारण ३२ पोरं बसतात आणि प्रमाण मात्र १२-१३ च्या आसपास येतं, कारण तिथे शिक्षक दिवसभर वर्गावर नसतो, बाकीची कामंही शाळेतच करतो.

पात्रांचा आकडा थेट मिळाला नाही पण साधं प्रमाण आणि पात्रांची टक्केवारी मिळाली तर स्वतः काढता येतो. प्रमाणाला टक्केवारीने भागायचं, गुणायचं नाही. समजा एका देशाचं प्रमाण १८ आणि पात्र ६० टक्के, तर १८ भागिले ०.६०, म्हणजे ३०. दुसऱ्याचं प्रमाण २६ आणि पात्र ९५ टक्के, तर २७.४. आधी पहिला देश कितीतरी पुढे दिसत होता, आता मागे गेला. मात्र दोन्ही आकडे त्याच वर्षाचे आणि त्याच लेव्हलचे पाहिजेत, प्रमाण २०१९ चं आणि टक्केवारी २०२३ ची अशी खिचडी चालणार नाही.

वर्षाचं अजून एक. सगळे देश दरवर्षी माहिती पाठवत नाहीत. एखाद्याचा शेवटचा आकडा पाच-सात वर्षं जुना असतो. मी असं करतो, एक वर्ष ठरवायचं, त्याच्या मागे-पुढे दोन वर्षांपर्यंतचा आकडा चालवून घ्यायचा पण वर्ष कंसात लिहायचं, त्याहून जुना असेल तर रकाना रिकामा. रिकामा म्हणजे रिकामा, शून्य लिहू नका, एक्सेल त्या शून्याची पण सरासरी काढून मोकळं होतं. आणि आकड्याच्या शेजारी एक कॉलम असतो ज्यात तो त्या देशाचा स्वतःचा अंदाज आहे की युनेस्कोने लावलेला अंदाज आहे ते दिलेलं असतं, तो कॉलम लोक डिलीट करतात. करू नका.

जुनी वर्षं घेत असाल तर नकाशा पण बघा. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा जिल्हा झाला, त्याच्या आधीचा धुळ्याचा आकडा घेऊन आजच्या धुळ्याशी ताडला तर सातपुड्याचा मोठा भाग मधून गायब होईल आणि धुळ्याने फार प्रगती केली असं वाटेल. सुदानचं तेच, २०११ ला दक्षिण सुदान निघाला. केनियात तर शिक्षणाची रचनाच बदलली, ८-४-४ जाऊन २०१७ पासून नवीन पद्धत आली आणि २०२३ मध्ये सातवीपासूनचं ज्युनिअर सेकंडरी सुरू झालं. अशा ठिकाणी ग्राफची रेघ सलग ओढायची नाही, तोडायची.

सरासरी काढताना पण जपून. समजा, आकडे मनाने घेतोय, एका डोंगराळ तालुक्यात पट ६,००० आणि पात्र शिक्षक १५०, म्हणजे ४०. सपाटीच्या तालुक्यात पट ९,००० आणि पात्र ४५०, म्हणजे २०. दोघांची सरासरी ३०? नाही. १५,००० भागिले ६००, पंचवीस. देशांच्या गटाचं, समजा दक्षिण आशियाचं, काढायचं असेल तर सगळा पट एकत्र, सगळे पात्र शिक्षक एकत्र, मग एकदाच भागाकार. नाहीतर भूतान आणि भारत एकाच तागडीत सारखे बसतात.

एक गोष्ट मात्र या भागाकारात कुठेच दिसत नाही, जी आम्हाला दरवर्षी दिवाळीनंतर दिसते. ऊसतोडीला कुटुंबं निघाली की बाकं रिकामी. नाव पटावर असतं, पोरगं गुजरातेत फडावर. आणि ज्याचं नाव कधी लागलंच नाही किंवा पाचवीनंतर कटलं, ते वरच्या आकड्यात येतच नाही. म्हणजे ज्या देशात पोरं लवकर शाळा सोडतात तिथे पट कमी, आणि प्रमाण एकदम झकास! म्हणून प्रत्येक देशापुढे लोअर सेकंडरी पूर्ण करणाऱ्यांचा दर पण टाका, तोही त्याच युनेस्कोच्या साइटवर मिळतो. पूर्ण करणारे कमी आणि प्रमाण छान अशी जोडी दिसली की त्या देशाला वरचा नंबर द्यायच्या आधी दहा वेळा विचार करा. आमचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते, प्रत्येक तपासणीला हळूच म्हणायचे, "आकडा ते शे, पन मास्तर कोठे शे?" मी त्यात पोरगं पण जोडतो.

तर भाचीचं टेबल शेवटी असं झालं, देश, इयत्ता, पात्रतेची अट एका ओळीत, पात्र शिक्षकामागे विद्यार्थी, वर्ष, अंदाज आहे का, आणि पूर्ण करणाऱ्यांचा दर. सात कॉलम. पाच देशांपैकी दोघांच्या मुख्य रकान्यात काहीच नाही, ते रिकामेच ठेवले. ती म्हणे, "मामा, रिकामं बघून सर मार्क कापतील." मी म्हटलं कापू दे, खाली टीप लिही का रिकामं आहे ते. "समाधानकारक" काढायला लावलं, त्याजागी लिहायला सांगितलं की ज्या देशांची पात्रतेची अट जवळपास सारखी आहे त्यांचीच तुलना केली आहे, बाकीचे नुसते माहितीसाठी.

आणि फाइल सेव्ह करताना नावात उतरवल्याची तारीख टाका. युनेस्कोवाले वर्षातून साधारण दोनदा डेटा नवीन करतात आणि त्यात मागच्या वर्षांचे आकडे पण बदलतात, मग तोंडी परीक्षेला सरांनी लॅपटॉपवर साइट उघडली आणि वेगळा आकडा दिसला तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी पाहिजे.